अंडाशये काढलेल्या तरुण स्त्रियांना हार्मोन उपचार का सांगितला जात नाही?

रानजाई (धागाकर्ती)

वयाच्या पंचेचाळिशीआधी ज्या स्त्रीची दोन्ही अंडाशये काढली गेली, तिला रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन (अंडाशयांत बनणारे स्त्री-हार्मोन) मिळायला हवे की नको, या प्रश्नावर येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझ्या थोरल्या वहिनींची गर्भपिशवी आणि दोन्ही अंडाशये त्यांच्या छत्तिसाव्या वर्षी काढण्यात आली. त्यानंतर रात्री-अपरात्री अंगातून वाफा निघणे, झोप मोडणे, सांधे धरणे, चिडचिड आणि लघवीची वारंवार होणारी जळजळ हे सारे त्या सोसत आल्या आहेत. ज्या एक-दोन ठिकाणी त्यांनी विचारले, तिथे "हार्मोनने कॅन्सर होतो" एवढ्या एका वाक्यावर विषय संपवण्यात आला. या वाक्याचे मूळ कशात आहे आणि ते छत्तीस वर्षांच्या स्त्रीला कितपत लागू पडते, हे मी गेले काही महिने वाचून समजून घेत आहे.

मूळ आहे अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात. त्याच्या एका भागात गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना घोडीच्या मूत्रापासून काढलेले कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम हार्मोन) यांची एकत्र गोळी, तर काहींना औषध नसलेली गोळी देण्यात आली. हा भाग साडेआठ वर्षे चालायचा होता, पण स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेल्याने जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनी, तो थांबवण्यात आला. बातमी जगभर पसरली आणि हार्मोनची चिठ्ठी लिहिणारे हात आखडले.

बातमीच्या मथळ्यात आकडे मात्र आले नाहीत. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ३० ऐवजी ३८ घटना आढळल्या. पक्षाघाताच्या २१ ऐवजी २९ आणि फुप्फुसात गुठळी अडकण्याच्या ८ ऐवजी १६. उलट खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण १५ वरून १० वर आले आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग १६ वरून १० वर. हे धोके खरे आहेत आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु या स्त्रियांचे वय ५० ते ७९ होते, सरासरी वय ६३ होते, आणि त्यांतल्या बहुतेकींची पाळी जाऊन दहाहून अधिक वर्षे लोटलेली होती. छत्तीस वर्षांची, अंडाशये नसलेली एकही स्त्री त्या अभ्यासात नव्हती.

त्याच अभ्यासाचा दुसरा भाग तर विसरलाच गेला. गर्भाशय आधीच काढलेल्या १०,७३९ स्त्रियांमध्ये फक्त इस्ट्रोजेनची तुलना झाली. पक्षाघाताचे प्रमाण वाढल्यामुळे तो भागही २००४ मध्ये थांबवला गेला, पण त्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पुढील अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात तो उलट कमी आढळला. माझ्या वहिनींना गर्भाशय नाही. म्हणजे त्यांना घाबरवण्यासाठी जो निष्कर्ष वापरला गेला, तो वेगळ्या वयाच्या स्त्रियांवरचा आणि वेगळ्या औषधाचा होता. जाणकारांनी कृपया लिहावे.

निशिगंध

मी स्त्रीरोगतज्ज्ञ असून मराठवाड्यात प्रॅक्टिस करते. रानजाई, आपण मांडलेला फरक अत्यंत महत्त्वाचा आहे आणि आमच्या क्षेत्रातही तो पुरेसा पाळला जात नाही, हे मला खेदाने मान्य करावे लागते.

नैसर्गिक रजोनिवृत्तीत अंडाशयांचे काम काही वर्षांच्या कालावधीत मंदावत जाते, आणि पाळी गेल्यानंतरही ती थोड्या प्रमाणात पुरुष-संप्रेरके बनवत राहतात, ज्यांचे शरीरातील चरबीच्या पेशींमध्ये काही अंशी इस्ट्रोजेन होते. शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशये काढली की हे सारे एका दिवसात बंद होते. त्यामुळे लक्षणे अचानक आणि तीव्र येतात. पण खरी चिंता लक्षणांची नसून पुढच्या पंधरा-वीस वर्षांची आहे, कारण हाडे ठिसूळ होणे, हृदयविकार आणि उतारवयातील स्मृतिभ्रंश या तिन्हींचा धोका लवकर अंडाशये गमावलेल्या स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अशा स्त्रियांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. पंचेचाळिशीआधी दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त होते.

म्हणूनच युरोपातील आणि ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात की, इस्ट्रोजेन निषिद्ध ठरावे असे कारण नसेल, तर या स्त्रियांना किमान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत ते द्यावे. पाश्चात्त्य देशांत ते वय ५१ च्या आसपास आहे, भारतात साधारण ४६-४७. कित्येक डॉक्टर इथेही ५० पर्यंत उपचार चालू ठेवणे पसंत करतात आणि मीही त्यांपैकी एक आहे. जे इस्ट्रोजेन त्या वयात शरीरात असायलाच हवे होते तेवढेच परत देणे, एवढाच या उपचाराचा अर्थ आहे.

गर्भाशय आहे की नाही, यावर औषध ठरते. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते आणि त्याचा कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेत १९७५ मध्ये हे लक्षात आले आणि तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला सोबत अस्तराची वाढ रोखणारे प्रोजेस्टेरॉन दिले जाऊ लागले. गर्भाशयच नसेल तर प्रोजेस्टेरॉनची सहसा गरज नसते. अपवाद एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा: त्या आजाराचे अवशेष पोटात राहिले असण्याची शक्यता असेल तर दोन्ही एकत्र देण्याचा विचार करतात.

औषध कोणत्या मार्गाने द्यायचे, हेही महत्त्वाचे आहे. तोंडाने घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवर लावायचा जेल किंवा पट्टी यकृताला वळसा घालते, आणि नेहमीच्या मात्रेत त्यामुळे गुठळ्यांचा धोका वाढल्याचे निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसलेले नाही. वजन जास्त असलेल्या किंवा अर्धशिशी असलेल्या स्त्रीला मी जेलच सुचवते.

तटस्थ

मी या विषयात सावध भूमिकेचा आहे आणि ती मांडणे गरजेचे वाटते, कारण हल्ली समाजमाध्यमांवर लंबक पूर्णपणे दुसऱ्या टोकाला गेलेला दिसतो. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार पाश्चात्त्य देशांतील, हार्मोन कधीच न घेतलेल्या १०० स्त्रियांपैकी ५० ते ६९ या वयात सुमारे ६.३ जणींना स्तनाचा कर्करोग होतो. पन्नाशीत सुरुवात करून पाच वर्षे रोज एकत्रित उपचार घेतल्यास हे प्रमाण ८.३ होते, म्हणजे दर ५० स्त्रियांमागे एक जास्तीचा कर्करोग. केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास दर २०० मागे एक. औषध थांबवल्यावरही वाढलेल्या धोक्याचा काही भाग दहा वर्षांहून अधिक काळ राहतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक चौकटीतला बराचसा इशारा काढण्याचा निर्णय जाहीर केला, त्याचा अर्थ अनेकांनी "आता धोका उरलाच नाही" असा घेतला आहे, आणि तो चुकीचा आहे.

रानजाई

तटस्थ, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो येथे आला याचा आनंद आहे. मात्र त्यातील तुलना कोणाची कोणाशी आहे, ते पाहावे. पन्नाशीत नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्या स्त्रीला हार्मोन दिले, तर तिच्या समवयस्कांच्या शरीरात जे उरलेले नाही ते तिला मिळते आणि तो वाढीव भार ठरू शकतो. छत्तीस वर्षांच्या स्त्रीच्या समवयस्कांची अंडाशये मात्र अजून रोज इस्ट्रोजेन बनवत असतात. पाळी जितकी उशिरा जाते तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका वर्षामागे साधारण ३ टक्क्यांनी वाढतो, हे मोठ्या विश्लेषणांतून आलेले आहे. म्हणजेच लवकर अंडाशये गेलेल्या स्त्रीचा धोका मुळात सरासरीहून कमी असतो. तिला सत्तेचाळीस-पन्नासपर्यंत इस्ट्रोजेन देणे म्हणजे तिला तिच्या मैत्रिणींच्या रांगेत आणणे होय, त्यांच्या पुढे ढकलणे नव्हे. पन्नाशीनंतर पुढे चालू ठेवायचे का, हा निर्णय स्वतंत्र आहे आणि तिथे आपले आकडे समोर ठेवूनच बोलायला हवे.

कापूसवाट

मी बीड जिल्ह्यात आरोग्य क्षेत्रात काम करते, म्हणून या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. फडावर ना शौचालय, ना पाण्याची सोय. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे किंवा पोटदुखी घेऊन बाई दवाखान्यात गेली की "पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल" असे सांगून ऑपरेशन केले गेल्याच्या तक्रारी समितीपुढे आल्या.

त्यानंतर जिल्ह्यात शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधल्या अशाच प्रकरणांवरील जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. अनावश्यक शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी हे सारे गरजेचे होते आणि आहे. पण ज्या बायकांचे ऑपरेशन होऊन गेले, त्यांच्या पुढच्या आरोग्याचे काय, याविषयी बोलणारे मला फार थोडे भेटतात.

मी ज्या बायकांना भेटते त्या कंबर धरून बसतात, तिशीत असून साठीच्या बाईसारख्या उठतात, आणि "ऑपरेशन झाल्यापासून अंगात जीवच नाही" म्हणतात. त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या आणि वेदनाशामक इंजेक्शन मिळते. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली का, हे बहुतेकींना ठाऊकच नसते. इस्ट्रोजेन हा शब्द त्यांच्यापैकी एकीनेही ऐकलेला नाही. डोक्यावर उसाची जड मोळी घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईचे हाड ठिसूळ होणे म्हणजे तिचे घरच मोडणे आहे. शहरातल्या पन्नाशीच्या स्त्रियांनी हार्मोन घ्यावे की नाही, यावर भरपूर लिहिले जाते. ज्यांना त्याची गरज सर्वांत अधिक आहे त्यांच्यापर्यंत हा विषय पोहोचत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

टेम्सकाठची

कापूसवाट, आपला प्रतिसाद वाचून सुन्न झाले. मी इंग्लंडमध्ये राहते आणि शस्त्रक्रियेमुळे एक्केचाळिसाव्या वर्षी माझी रजोनिवृत्ती झाली. येथे रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वीच माझ्या हातात इस्ट्रोजेनची पट्टी आणि ती कोणत्या वयापर्यंत वापरायची याचा कागद दिला गेला. एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमध्ये वर्षातून एकदाच ठरावीक शुल्क भरून यादीतली सर्व हार्मोन औषधे घेता येतात. त्याआधी २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा होऊन स्त्रिया एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडत होत्या, तेही मी पाहिले आहे. पण औषध द्यायचे की नाही, याबद्दल माझ्या बाबतीत कोणालाच शंका नव्हती.

मोगरा५२

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझी पाळी गेल्या वर्षी नैसर्गिकरीत्या थांबली आणि दिवसातून कित्येकदा चेहरा तापून घामाने भिजते. माझ्या सख्ख्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता. मी हार्मोनचा विचार करावा का?

निशिगंध

मोगरा, बहिणीचा आजार म्हणजे आपल्याला संपूर्ण मनाई असा अर्थ होत नाही, परंतु तिला तो कोणत्या वयात झाला आणि जनुकीय तपासणी झाली का, हे समजल्याशिवाय कोणीही आपल्याला चिठ्ठी लिहून देऊ नये. स्वतःला स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, कारण न समजलेला रक्तस्राव होत असेल, यकृताचा सक्रिय आजार असेल, किंवा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा गुठळीचा इतिहास असेल, तर सर्वसाधारणपणे हा उपचार टाळतात. यांपैकी काही नसेल आणि वय साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असेल, तर त्रासदायक वाफांसाठी लाभ बहुधा धोक्यापेक्षा अधिक ठरतो. हार्मोनमुळे वाफांची संख्या साधारण तीन-चतुर्थांशाने घटते. इतका परिणाम दुसऱ्या कोणत्याही औषधाचा नाही. हार्मोन नको असेल तर मेंदूतील तापमान-नियंत्रणावर काम करणारे फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झाले आहे, आणि नैराश्यावरील काही औषधे कमी मात्रेत उपयोगी पडतात. योनिमार्गाची कोरड आणि लघवीची जळजळ एवढाच त्रास असेल तर तिथेच लावायचे अल्प मात्रेचे क्रीम पुरते. ते रक्तात जवळजवळ उतरत नाही.

तटस्थ यांना एक जोड: पासष्टीनंतर केवळ हृदय किंवा स्मरणशक्ती जपण्यासाठी हार्मोन सुरू करू नये, याबाबत आपल्यात मतभेद नाही. त्याच अमेरिकी अभ्यासात पासष्टीपुढच्या स्त्रियांना एकत्रित गोळी दिल्यावर स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले होते.

शेवंती

शतावरी, सोयाबीन आणि तीळ यांनी हेच काम होत नाही का? आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शतावरी कल्प घेतला जातो.

निशिगंध

शेवंती, नैसर्गिक रजोनिवृत्तीतल्या सौम्य वाफांसाठी सोयातील वनस्पतिजन्य घटकांनी काहींना थोडा आराम पडतो आणि आहार म्हणून हे पदार्थ उत्तमच आहेत. परंतु अंडाशये काढलेल्या पस्तिशीच्या स्त्रीच्या हाडांचे आणि हृदयाचे रक्षण त्यांनी होते, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही, आणि त्या भरवशावर तिने उपचाराची दहा वर्षे गमावू नयेत.

गोदाकाठ

पुरुषांच्या बाबतीत काय? माझ्या एका मित्राला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुचवण्यात आली आहेत.

तटस्थ

पुरुषांत टेस्टोस्टेरॉन वयानुसार वर्षाला सुमारे एक टक्का इतक्या संथपणे घटते, त्यामुळे तो प्रश्न निराळा आहे. सकाळी घेतलेल्या दोन वेगवेगळ्या नमुन्यांत पातळी कमी आणि सोबत लक्षणे असतील तरच उपचार करतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टेस्टोस्टेरॉन उपचाराच्या ट्रॅव्हर्स चाचणीत हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण वाढले नाही, पण हृदयाची लय बिघडणे आणि फुप्फुसातील गुठळ्या काहीशा अधिक आढळल्या. मूल हवे असलेल्या पुरुषाने तर ही इंजेक्शने घेऊच नयेत, कारण त्यांनी शुक्राणू घटतात. यावर स्वतंत्र धागा काढलात तर बरे होईल.

कापूसवाट

डॉक्टर, एक नेमके विचारते. आमच्या बायकांकडे जुनी कागदपत्रे असली तर त्यांत काय पाहायचे, आणि नसली तर काय करायचे?

निशिगंध

डिस्चार्ज कार्डावर 'टीएएच विथ बीएसओ' असे लिहिले असेल तर गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशये आणि नलिका काढल्या आहेत. नुसते 'टीएएच' किंवा 'व्हीएच' (फक्त गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया) असेल तर बहुधा अंडाशये ठेवली आहेत. काढलेल्या अवयवाचा हिस्टोपॅथॉलॉजी अहवाल (सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा) मिळाला तर तो अधिक खात्रीचा, शिवाय शस्त्रक्रिया कर्करोगासाठी झाली होती का, हेही त्यातूनच कळते. कागद हरवले असतील तर पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातील एफएसएच व इस्ट्रॅडिओल (अंडाशये काम करतात का, हे दाखवणारी हार्मोने) यांवरून अंदाज येतो. अंडाशये ठेवलेली असली तरी गर्भाशय काढलेल्या स्त्रीची अंडाशये काही वर्षे आधीच थकू शकतात, आणि पाळीच येत नसल्याने ते तिला कळत नाही. म्हणून चाळिशीच्या आसपास वाफा किंवा निद्रानाश सुरू झाला तर ही तपासणी जरूर करावी.

वय अजून पंचेचाळिशीच्या आत असेल, तर रक्तदाब, साखर आणि स्तनांची तपासणी करून इस्ट्रोजेन सुरू करण्यास उशीर करू नये. या वयात मात्राही पन्नाशीच्या स्त्रीपेक्षा बहुधा जास्त लागते. पण शस्त्रक्रियेला वीस वर्षे झाली असून बाई आता पंचावन्नची असेल, तर हार्मोनने सुरुवात करण्यापेक्षा आधी डेक्सा तपासणीने हाडांची घनता पाहावी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढावे, आणि टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती कमी, हे सांगणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडांची झीज रोखणारे बिसफॉस्फोनेट गटातील औषध द्यावे. त्यातली आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते, हे बाईला समोर बसवून नीट समजावून सांगावे.